उभ्या गाडीचे कंपन : एंजिन बदलल्यानंतरचे निदान

मोटारगाडीचा देह आणि तिचे एंजिन यांचे आयुष्य सारखे नसते. पत्रा ठोकून, रंग देऊन, आसने नव्याने शिवून गाडी तीस-तीस वर्षे वापरता येते. एंजिन मात्र त्यापूर्वीच दोन-तीन वेळा खोलावे लागते आणि अखेरीस त्याचे सिलिंडर पुन्हा बोअर करण्याजोगेही राहत नाहीत. अशा वेळी जुने एंजिन उतरवून त्या जागी दुसरे, आणि पुष्कळदा दुसऱ्याच जातीचे, एंजिन बसविण्याचा उद्योग भारतातील गॅरेजांत अनेक दशके चालत आला. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होणारी अ‍ॅम्बॅसेडर हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत या गाडीचे बाह्यरूप फारसे बदलले नाही; परंतु तिच्या बॉनेटखाली काय असेल, हे बॉनेट उघडल्याशिवाय सांगता येत नसे.

यामागील कारण मुख्यतः आर्थिक होते. पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे दर २०१४ साली सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. तोपर्यंत डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे, आणि तेवढ्याच इंधनात गाडी अधिक अंतर जाई ते वेगळेच. १९८०च्या सुमारास कारखान्यानेच १४८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या डिझेल एंजिनाची अ‍ॅम्बॅसेडर बाजारात आणली. ज्यांच्या दारात पेट्रोलची गाडी आधीपासून उभी होती आणि ती विकून नवी घेण्याची ऐपत नव्हती, त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाज टेम्पोच्या मॅटाडोर गाडीसाठी डाइम्लर-बेंझच्या आराखड्यावर तयार होणारे डिझेल एंजिन, किंवा नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे महिंद्राच्या जीपसाठी बनणारे प्यूजो एंजिन, अपघातग्रस्त वा मोडीत निघालेल्या गाडीतून मिळवून ते आपल्या गाडीत बसवून घेण्याचा तो मार्ग होता.

असे एंजिन बसविल्यानंतर मालकाची पहिली तक्रार वेगाविषयी किंवा धुराविषयी क्वचितच असते. ती असते थरथरीविषयी. गाडी रस्त्याला लागली की सारे ठीक वाटते. पण ती थांबवून गिअर न्यूट्रलमध्ये घेतला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की सुकाणूचक्र हातात कापू लागते, आरशातील प्रतिमा पुसट होते, काचा किणकिणतात आणि मागच्या आसनावर बसलेल्या माणसाच्या दाढा एकमेकींवर वाजतात. एंजिनाच्या या बिनभाराच्या चालीला कारागीर ‘आयडलिंग’ किंवा नुसते ‘स्लो’ म्हणतात. पुढील विवेचनात तिला मंद चाल असे म्हटले आहे.

रायपूर शहरातील पुरानी बस्ती हा भाग डोळ्यांसमोर आणला तर या तक्रारीचे गांभीर्य ध्यानात येईल. महामाया मंदिर आणि जैतूसाव मठ ज्या वस्तीत आहेत ती ही वस्ती. तिच्या गल्ल्या मोटारीचा विचार मनात येण्यापूर्वीच आखल्या गेल्या. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. या दोन शहरांना जोडणारा, पुढे कलकत्त्याकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड रायपुरातून जातो. या हमरस्त्यावर भाड्याने चालणाऱ्या गाडीचे एंजिन नागपूरपर्यंत विनातक्रार धावेल. परंतु तीच गाडी रात्री घरी परतून पुरानी बस्तीच्या गल्लीत शिरली, की समोरची हातगाडी बाजूला होईपर्यंत तिला उभे राहावे लागते. दहा हात पुढे जाऊन पुन्हा उभे राहावे लागते. तेथे गाडीचा निम्मा वेळ मंद चालीतच जातो. लग्नासाठी किंवा रुग्णाला नेण्यासाठी गाडी ठरविणारे गिऱ्हाईक तिची परीक्षा याच वेळी करते, आणि पुढच्या वेळी दुसरी गाडी बोलाविते. ज्याने कर्ज काढून एंजिन बदलले आहे त्याच्या दृष्टीने हा केवळ सुखसोयीचा प्रश्न उरत नाही.

त्यातच निदानाच्या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात. मालक म्हणतो, “एंजिनच खराब मिळाले.” मिस्त्री म्हणतो, “डिझेल आहे, थरथरणारच.” पहिले मत मान्य केले तर चांगले एंजिन निष्कारण खोलले जाते, दुसरे मान्य केले तर दोष तसाच राहतो, आणि कालांतराने इंधनाची नळी, रेडिएटरचा सांधा किंवा एंजिनाच्या आधाराचा कंस थकून तडकतो. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे, आणि ते किती आहे हे ठरविता येते.

तार, घोडी आणि भोपळा

मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडली असता जो नाद ऐकू येतो तो केवळ तारेचा नसतो. तारेचे कंपन घोडीतून तबकडीकडे व भोपळ्याकडे जाते, आणि भोपळ्याचा मोठा पृष्ठभाग हवेला हलवितो. तार तीच ठेवून घोडी बदलली तरी नाद बदलतो. गाडीच्या कंपनातही हे तीन घटक असतात : कंपन निर्माण करणारे एंजिन, ते वाहून नेणारे आधार, आणि ते स्वीकारून मोठे करणारा गाडीचा देह. एंजिन बदलणारा कारागीर तार बदलतो. पण घोडी पुष्कळदा जुन्याच तारेची ठेवतो. तक्रार तेथून सुरू होते.

एंजिन मुळात का थरथरते, हे प्रथम पाहू. चार आघातांच्या चक्रात प्रत्येक दट्ट्याला चारपैकी एकाच आघातात शक्ती मिळते. उरलेल्या तिहींत त्याला ओढत न्यावे लागते. चार सिलिंडरांच्या एंजिनात भुजाक्षाच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. अर्थात फिरविणारे बल अखंड नसून धक्क्याधक्क्याने मिळते. जात्यावर दळणारी स्त्री खुंट्याला जोर देते तोही फेऱ्याच्या एका भागातच. उरलेला फेरा वरच्या तळीचे वजन पुरा करते. एंजिनात हे काम फ्लायव्हील करते. परंतु भुजाक्षाला एका दिशेने मिळणाऱ्या प्रत्येक धक्क्याबरोबर एंजिनाच्या ठोकळ्याला उलट दिशेने तितकाच धक्का बसतो, आणि तो ठोकळ्याला स्वतःच्या लांबीभोवती डावी-उजवीकडे डोलवितो. मंद चालीतील थरथर म्हणजे मुख्यतः हे डोलणे होय.

डिझेल एंजिनात हे डोलणे अधिक असते, आणि मिस्त्रीच्या म्हणण्यातील तथ्य ते हेच. पेट्रोल एंजिन मंद चालीत असताना कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असते. सिलिंडरमध्ये हवा थोडीच शिरते आणि ती दाबण्यास जोरही थोडाच लागतो. जुन्या डिझेल एंजिनाच्या हवेच्या वाटेत अशी झडप बहुधा नसते. मंद चालीतही प्रत्येक सिलिंडर पूर्ण भरतो, आणि ती हवा पेट्रोल एंजिनाप्रमाणे सात-आठ पटींनी नव्हे, तर वीस पटींहून अधिक दाबली जाते. भुजाक्ष दर अर्ध्या फेऱ्याला अडतो आणि सुटतो. म्हणून डिझेल एंजिन पेट्रोल एंजिनाइतके शांत उभे राहावे ही अपेक्षा चुकीची आहे. पण त्या एंजिनासाठी ज्या कारखान्याने आधार आखले त्याच्या मूळ गाडीत तेच एंजिन दाढा वाजविण्याइतके थरथरत नव्हते, हेही तितकेच खरे.

दर सेकंदाला किती

कंपनाचे निदान करताना ‘किती जोराने’ यापेक्षा ‘दर सेकंदाला किती वेळा’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दर मिनिटाला ६०० फेऱ्यांची मंद चाल घेतली तर भुजाक्ष सेकंदाला १० फेरे करतो. चार सिलिंडरांचे स्फोट दर फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला २०. ही झाली एंजिनाची निरोगी नाडी. आता चारपैकी एक सिलिंडर दुबळा आहे असे समजू. त्याची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते. म्हणजे सेकंदाला ५ वेळा एंजिन अडखळते. फ्लायव्हील किंवा क्लच तोलात नसेल तर तो दोष प्रत्येक फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला १० वेळा दिसेल. पाच, दहा आणि वीस या तीन संख्यांत बहुतेक निदान सामावलेले आहे.

सेकंदाला पाच वेळा होणारे डोलणे डोळ्यांनी दिसते. बॉनेट उघडून एंजिनाकडे पाहिले तर ते लंगडणाऱ्या माणसासारखे हेलकावताना आढळते, आणि आसनावर बसलेल्याला ती थरथर न वाटता हिसके वाटतात. उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ या कंपनांना मानवी शरीर विशेष संवेदनशील असते, त्यामुळे हा दोष लहान असला तरी त्रास मोठा देतो. याउलट सेकंदाला वीस वेळा होणारे कंपन डोळ्यांना नुसते धूसर दिसते आणि हाताला गुणगुणल्यासारखे लागते. अनुभवी कारागीर एक हात एंजिनावर व दुसरा पत्र्यावर ठेवून हा भेद करतात. आज मोबाइल फोनमध्ये त्वरणमापक असतो. फोन आसनाच्या रुळावर घट्ट बसवून योग्य प्रणालीने कंपनाचा आलेख घेतला तर पाच, दहा की वीस हे अंकांतच कळते. पूर्वी याच कामासाठी वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्यांचे उपकरण वापरीत. ज्या पट्टीची कंप्रता जुळेल तीच तेवढी थरथरे.

आता रबरी आधारांकडे वळू. कारागीर त्यांना ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ म्हणतात. रबरावर ठेवलेल्या वजनाची स्वतःची एक कंप्रता असते आणि ती वजनाखाली रबर किती दबते यावर ठरते. हिशेब असा : दबणे मिलिमीटरांत मोजावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि १५.८ ला त्याने भागावे. चार मिलिमीटर दबणाऱ्या आधाराची कंप्रता सेकंदाला सुमारे ८ येते. एकच मिलिमीटर दबणाऱ्या टणक आधाराची सुमारे १६. बाहेरून येणारे कंपन आधाराच्या स्वतःच्या कंप्रतेच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असेल तरच आधार ते अडवितो; त्याखाली तो ते वाढवितो. सेकंदाला वीस धक्के देणाऱ्या निरोगी एंजिनाखाली चार मिलिमीटरचा मऊ आधार असेल, तर देहापर्यंत कंपनाचा सुमारे पाचवा हिस्साच पोचतो. त्याच एंजिनाखाली एक मिलिमीटरचा टणक आधार असेल तर पोचणारे कंपन मुळापेक्षा दीडपटीहून अधिक असते. हे आकडे सोप्या, आदर्श आधाराचे आहेत. प्रत्यक्षात रबर स्थिर वजनाखाली वाटते त्यापेक्षा हलत्या वजनाखाली अधिक ताठ वागते, आणि डोलण्याची कंप्रता केवळ वजनावर नव्हे तर आधार एकमेकांपासून किती दूर आहेत यावरही अवलंबून असते. तरीही दिशा तीच राहते.

या हिशेबाचा दुसरा भाग अधिक बोधक आहे. एक सिलिंडर दुबळा असलेल्या एंजिनाचे सेकंदाला पाच हिसके त्याच मऊ, आठ कंप्रतेच्या आधारावर आले तर ते अडविले जाणार नाहीत, उलट वाढतील. रबर जितके मऊ करावे तितकी त्याची कंप्रता पाचाकडे सरकते आणि हेलकावे वाढत जातात. म्हणून दुबळ्या सिलिंडरचा दोष रबर बदलून जात नाही, आणि टणक रबराचा दोष नोझल बदलून जात नाही. दोन्ही गोष्टी गॅरेजांत नित्य केल्या जातात, आणि त्यांचे पैसे मालकाच्या खिशातून जातात.

पहिली परीक्षा

यातून एक बिनखर्चाची परीक्षा हाती लागते. गाडी उभी ठेवून, एंजिन तापल्यानंतर, त्याची गती ६०० वरून हळूहळू ९०० फेऱ्यांपर्यंत न्यावी. निरोगी नाडी सेकंदाला वीसवरून तीस होते. टणक आधार हा दोष असेल तर थरथर झपाट्याने ओसरते, कारण सोळा कंप्रतेचा आधारही तिसाच्या कंपनाला अडवू लागतो. सिलिंडर दुबळा असेल तर हिसके पाचांवरून साडेसातांवर जातात, आणि आधार मऊ असेल तर हेलकावे आणखी वाढूही शकतात. ठरावीक एका गतीलाच एखादा भाग, उदाहरणार्थ सुकाणूचा दांडा किंवा आरसा, वेड्यासारखा हलतो व अलीकडे-पलीकडे शांत असतो, तेव्हा त्या भागाची स्वतःची कंप्रता जुळली आहे असे समजावे. एंजिनाला हात लावण्याचे कारण नाही.

गती मोजल्याशिवाय मात्र हे काही करू नये. इंधन वाचविण्याच्या हौसेने मंद चाल ५०० फेऱ्यांपर्यंत उतरवून ठेवलेली पुष्कळदा आढळते. त्या गतीला निरोगी नाडीही सेकंदाला सतराच्या खाली येते आणि चांगल्या आधारांचेही काम अवघड होते. एंजिनाच्या कारखान्याने सांगितलेली मंद गती ठेवल्याबरोबर अर्धी तक्रार संपते, अशी उदाहरणे कमी नाहीत.

तोलाचा दोष येथे मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण त्याच्यावर संशय फार लवकर घेतला जातो. असमतोल फ्लायव्हीलचे बल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६०० फेऱ्यांना जे बल असेल त्याच्या नऊपट ते १८०० फेऱ्यांना होते. दट्ट्यांच्या ये-जा करण्यातून फेऱ्याला दोनदा निर्माण होणारे जे बल असते, आणि ज्याच्यासाठी लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत उलट फिरणाऱ्या तोलदांड्यांची युक्ती काढली, त्यालाही हाच नियम लागू आहे. म्हणून जी थरथर फक्त मंद चालीत आहे आणि गती वाढताच नाहीशी होते, तिच्यासाठी फ्लायव्हील उतरविणे व्यर्थ होय. गतीबरोबर जी वाढतच जाते तिच्यासाठीच ते उतरवावे. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स जोडताना लेथवर करून घेतलेली जोडपट्टी मध्यापासून थोडी सरकली असेल, तर क्लचचे पेडल दाबताच थरथरीत किंवा आवाजात फरक पडतो. तेवढी खूण ध्यानात ठेवावी.

स्पर्शाच्या जागा

आधार तपासण्यापूर्वी आधारांना वळसा घालून कंपन कोठून जाते ते पाहावे. मऊ रबराच्या चार आधारांचे सारे काम एक लोखंडी स्पर्श निष्फळ करतो. मूळ एंजिनापेक्षा नवे एंजिन बहुधा लांब, उंच आणि जड असते. सायलेन्सरची नळी नव्या वळणाने न्यावी लागते आणि ती कोठेतरी पत्र्याला किंवा आडव्या दांड्याला चिकटते. थंड असताना तेथे फट असते. तापून नळी लांबली की फट मिटते. म्हणून ही तपासणी गरम एंजिनावर करावी लागते. संशयाच्या जागी खडू लावून ठेवला तर घासल्याची खूण दिसते.

जुन्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आणखी एक वाट असे. गिअरची दांडी सुकाणूच्या दांड्यावर असल्यामुळे गिअरबॉक्सपासून सुकाणूपर्यंत लोखंडी दुवे जात. मुंबईच्या टॅक्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रीमियर पद्मिनीतही अशीच रचना होती. एंजिन मऊ आधारांवर डोलू लागले की हे दुवे डोलणे थेट चालकाच्या हातात आणून देतात. दुव्यांचे बूश झिजलेले असतील तर खडखड होते; ते फार घट्ट बसविले असतील तर सुकाणू थरथरते. शिवाय अ‍ॅम्बॅसेडरला जीपसारखी स्वतंत्र चॅसी नव्हती. तिचा देह एकसंध होता. जीपमध्ये एंजिन व प्रवासी यांच्यामध्ये चॅसीवरचे रबर हा आणखी एक अडसर असतो. तोच कारागीर तेच एंजिन दोन्ही गाड्यांत सारख्याच कौशल्याने बसवील, आणि जीपचा मालक समाधानी व अ‍ॅम्बॅसेडरचा असमाधानी राहील, यात नवल नाही.

आधारांची जागा हाही स्वतंत्र विषय आहे. १९३१ साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत चार सिलिंडरांचे एंजिन अशा रीतीने टांगले, की पुढचा आधार उंच व मागचा खाली येऊन त्या दोहोंना जोडणारी रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी. एंजिन त्या रेषेभोवती सहज डोलू शके आणि डोलण्याचा धक्का देहाला कमी बसे. फ्रान्समधील सित्रोएनने लगेच ही रचना परवान्याने घेतली. एंजिन बदलताना हे तत्त्व उलटे होते : गाडीत जेथे कंस आहेत तेथेच नव्या एंजिनाला आधार दिला जातो, मग त्याचा गुरुत्वमध्य कोठेही असो. जड एंजिनाने मूळचे रबर चिरडले, की टायरचा तुकडा कापून घालण्याची युक्ती केली जाते. टायरमध्ये कापडाचे थर असतात आणि तो तुकडा जवळजवळ दबतच नाही. तो तुटणार नाही हे खरे. पण कंपन अडविणारही नाही. शक्य असेल तेथे ज्या गाडीतून एंजिन आले त्याच गाडीचे आधार आणावेत आणि कंस त्यांच्यासाठी नव्याने बनवावेत. कंसाचा खर्च एंजिन पुन्हा उतरविण्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो.

आधार योग्य असूनही ते पिळलेले असतात. एंजिन साखळीने खाली सोडताना एक भोक जुळते, दुसरे जुळत नाही. मग पहारीने रेटून बोल्ट घातला जातो. त्या क्षणापासून ते रबर एका बाजूला ताणलेले राहते व टणक रबरासारखे वागते. उपाय सोपा आहे : आधारांचे सर्व बोल्ट थोडे सैल करावेत, एंजिन सुरू करून त्याला मंद चालीत स्वतःची जागा घेऊ द्यावी, मग ते बंद करून बोल्ट आवळावेत. सायलेन्सरच्या नळीचे सांधेही असेच सैल करून एंजिनाकडून मागे क्रमाने आवळावेत. कोणता आधार दोषी आहे याचा संशय असल्यास जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून एंजिन त्या बाजूने किंचित उचलावे आणि थरथर कमी होते का ते पाहावे. हे करताना कोणीही गाडीखाली असता कामा नये.

रबराचा शत्रू तेल. गळणारे डिझेल आधारावर ठिबकत राहिले तर रबर फुगते, मऊ पडते आणि धातूच्या पट्टीपासून सुटते. चाळिसाच्या पलीकडे पारा जाणाऱ्या छत्तीसगढच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात ही क्रिया अधिक जलद होते. म्हणून आधार बदलण्यापूर्वी गळती थांबवावी.

इंधनाच्या वाटेवर हवा

हिसके सेकंदाला पाचच्या आसपास आहेत असे ठरले, तर मात्र एंजिनाकडे वळणे भाग आहे. तरीही ते खोलण्याची घाई नको. पेट्रोल गाडीत डिझेल एंजिन बसविताना सर्वाधिक दुर्लक्ष इंधनाच्या वाटेकडे होते. पेट्रोलच्या जुन्या गाडीत टाकीकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी एकच नळी असे. डिझेल पंपाला व नोझलांना उरलेले इंधन परत नेणारी दुसरी वाट लागते. ती टाकीपर्यंत न नेता वाटेतच कोठेतरी जोडली, तर इंधनाबरोबर हवेचे बुडबुडे फिरत राहतात. मूळ नळीचे सांधेही पेट्रोलच्या पंपासाठी केलेले असतात. डिझेल बाहेर गळत नाही, पण ओढीच्या बाजूने हवा आत शिरते. फिल्टर व पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहिले म्हणजे बुडबुडे स्पष्ट दिसतात. दोन रुपयांच्या क्लिपने मिटणाऱ्या दोषासाठी पंप दुरुस्तीला गेल्याची उदाहरणे प्रत्येक गावात ऐकावयास मिळतात. हवा असली की मंद चाल केवळ अडखळत नाही, तर गती आपोआप चढते-उतरते. या चढ-उताराला थरथर समजू नये.

हवा नसेल तर दुबळा सिलिंडर शोधावा. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या एंजिनात एकेका नोझलच्या नळीचे नट पाव फेरा सैल करून त्या सिलिंडरचे इंधन तोडता येते. ज्या सिलिंडरचे इंधन तोडल्यावर एंजिन आणखी लंगडते तो काम करीत होता. ज्याचे तोडून काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच निकामी होता. नटाभोवती जाड फडके धरावे आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कदापि नेऊ नये. तो फवारा कातडीत शिरतो आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. सामाईक नळीच्या आधुनिक डिझेल एंजिनांत इंधनाचा दाब एक हजार वायुमंडलांहून अधिक असतो. त्यांच्यावर ही परीक्षा मुळीच करू नये. तेथे निदानयंत्रानेच एकेक सिलिंडर बंद करून पाहता येतो. पेट्रोल एंजिनात प्लगची तार काढून हेच साधते, परंतु ज्या गाडीच्या धूरनळीत उत्प्रेरक बसविलेला आहे तिच्यात न जळलेले पेट्रोल त्याची हानी करते.

दोषी सिलिंडर सापडला म्हणजे त्याची नोझल शेजाऱ्याच्या नोझलशी अदलाबदल करावी. दोष नोझलबरोबर गेला तर काम स्वस्तात झाले. दोष तेथेच राहिला तर टॅपेटचे अंतर तपासावे आणि नंतर दाबमापकाने चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. यात आकडा किती आला यापेक्षा चार आकड्यांतील फरक अधिक बोलका असतो : चारही सारखेच थोडे कमी असलेले एंजिन शांत उभे राहते, तिघे उत्तम व एक कमी असलेले लंगडते. हेड उतरविण्याचा निर्णय येथपर्यंत आल्यावरच घ्यावा. मोडीतून आणलेल्या एंजिनाच्या बाबतीत तर ही दाबाची मोजणी ते विकत घेण्यापूर्वीच करणे योग्य.

एंजिन बदलल्याची नोंद नोंदणीपुस्तकात करून घेणे हा निदानाचा भाग नसला, तरी तो टाळता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीतील फेरफारांविषयी आहे. नोंदणीपुस्तकातील एंजिन क्रमांक व इंधनाचा प्रकार जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. पूर्वी सर्रास केलेले सर्व बदल आज मान्य होतीलच असे नाही, म्हणून परिवहन कार्यालयात एंजिन खरेदी करण्यापूर्वी जावे.

नव्या रबराला बसण्यास काही दिवस लागतात. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते आणखी थोडे दबते, बोल्ट सैल पडतात आणि सायलेन्सरच्या नळीची फट पुन्हा बदलते. तेव्हा गरम एंजिनावर स्पर्शाच्या जागा एकदा खडूने पाहाव्यात, आधारांचे बोल्ट आवळावेत आणि मंद चालीची गती पुन्हा मोजून ठेवावी.